मोठ्या आंतरराष्ट्रीय भौतिकी कोलॅबरेशनमधली समावेशकता: छोट्या विद्यापीठाच्या गटाने नेमकं काय बघावं?

शर्वरी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमच्या विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातला छोटा गट एका मोठ्या संस्थेच्या आधाराने सर्न या जिनिव्हाजवळच्या प्रयोगशाळेतल्या एलएचसी या कणत्वरकावरच्या सीएमएस प्रयोगात (अशा अनेक देशांतल्या संस्थांच्या सामाईक गटाला कोलॅबरेशन म्हणतात) संलग्न म्हणून जायच्या तयारीत आहे. दोन अध्यापक, तीन पीएचडीचे विद्यार्थी (त्यांत दोन मुली) आणि एक तंत्रज्ञ. प्रस्तावासोबत समावेशकतेचा दोन पानी आराखडा जोडायला सांगितलाय. शोधाशोध केली तर सगळीकडे एकच मजकूर हाती लागतो: आम्ही विविधतेचा आदर करतो, सर्वांचं स्वागत आहे. तिथे गेल्यावर आमच्या मुलांचं कुठे अडेल, याचा त्यावरून काहीच अंदाज येत नाही.

विचारायचंय ते असं. दूर बसून काम करणाऱ्याला खरोखर जागा मिळते का? परिषदांमधली भाषणं कोणाच्या वाट्याला जातात? तक्रारीची वेळ आली तर दार कोणतं ठोठवायचं? आणि त्या दोन पानांत काय लिहिलं तर ते पुढे पाळलं जाईल?

---

म्युऑन

शर्वरी, प्रश्न योग्य वेळी विचारलात. गट आत गेल्यावर या गोष्टी बदलून घेणं फार अवघड जातं.

सीएमएसमध्ये २०१७ पासून डायव्हर्सिटी ऑफिस आहे. अ‍ॅटलास या एलएचसीवरच्याच दुसऱ्या प्रयोगात याच कामासाठी नेमलेली संपर्काची माणसं आहेत. गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या लायगोमध्ये ओम्बड्सपर्सन (गोपनीयपणे ऐकून घेणारी त्रयस्थ माणसं) आहेत, विद्यार्थी आणि पोस्टडॉक यांच्यासाठी वेगळी समितीही आहे. ही मंडळी मनापासून काम करतात, पण मीटिंगच्या वेळा, शिफ्टचं वाटप, कन्व्हीनरच्या (उपगटाच्या प्रमुखांच्या) नेमणुका यांतलं काहीच त्यांच्या हातात नसतं. तुमच्या मुलांचं अडतं ते नेमकं तिथेच. म्हणून आराखड्याची सुरुवात तिथूनच करा.

आधी वेळ. सर्नमध्ये दुपारी ४ ही सगळ्यांची लाडकी वेळ, कारण कॅलिफोर्नियात तेव्हा सकाळचे ७ वाजलेले असतात. आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. जपान आणि कोरियात रात्रीचे ११ किंवा १२. दोन तासांची मीटिंग धरली तर हिवाळ्यात आपल्याकडे साडेदहा वाजतात. वसतिगृहाचं फाटक कधी बंद होतं, शेवटची बस किती वाजता, घरी लहान मूल आहे का, यावर मग मीटिंगमध्ये कोण बोलणार ते ठरतं. आणि जो बोलतो त्याचंच नाव पुढच्या कामासाठी सुचतं. उपाय साधा आहे: एका आठवड्यात दुपारी ४, पुढच्या आठवड्यात सकाळी ९. सकाळी ९ म्हणजे आपल्याकडे साडेबारा किंवा दीड, जपानात ४ किंवा ५. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला तेव्हा मध्यरात्र असते, म्हणून पाळीपाळीने. ओझं सगळ्यांनी वाटून घ्यायचं. उपगटाच्या पातळीवर हे मागितलं की बहुधा मिळतं, पण आधी कोणीतरी मागावं लागतं.

यातच एक हमखास घोळ होतो. अमेरिकेचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं, युरोपचं शेवटच्या रविवारी. शरद ऋतूत युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतो, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. आपलं घड्याळ जागचं हलत नाही. या मधल्या आठवड्यांत माणसं तासभर उशिरा येतात आणि मीटिंग हुकते. कॅलेंडरचं आमंत्रण नेहमी झुरिकच्या टाइमझोनमध्ये बनवा, आणि इंडिकोवर (सर्नच्या मीटिंगांच्या संकेतस्थळावर) बघताना पान कोणत्या टाइमझोनमध्ये उघडलंय ते तपासा.

मीटिंग चालवायच्या पद्धतीतही बरंच काही असतं. स्लाइड्स आदल्या दिवशी इंडिकोवर चढलेल्या असाव्यात, म्हणजे ज्याला बोललेलं इंग्रजी चटकन कळत नाही तो वाचून येतो. झूमवरची कॅप्शन यजमानाने सुरू करून ठेवावीत. खोलीत बसलेल्यांचे प्रश्न संपले की मग ऑनलाइन हात, असं केलं तर दूरच्यांना वेळ उरत नाही. म्हणून पहिला प्रश्न ऑनलाइनवाल्याचा, हा नियम लेखी ठेवा. निर्णय मीटिंगनंतर कॉफीच्या टेबलावर झाला असेल तर तो त्याच दिवशी मिनिट्समध्ये उतरला पाहिजे. दूरच्या गटाला सगळ्यात जास्त नुकसान या न लिहिलेल्या निर्णयांनी होतं.

आता सेवाकाम. सीएमएसमध्ये याला ईपीआर म्हणतात. डिटेक्टर चालवणं, कॅलिब्रेशन, सॉफ्टवेअर, शिफ्ट अशा कामांचे महिने मोजले जातात आणि संस्थेच्या खात्यावर जमा होतात. लेखकयादीत यायचं तर हे काम करावंच लागतं. अ‍ॅटलासमध्ये नव्या माणसासाठी साधारण वर्षभराचं क्वालिफिकेशनचं काम असतं आणि त्यात किमान ८० पूर्ण दिवस भरावे लागतात. खरा प्रश्न असा की काम कोणतं घेताय. कंट्रोल रूममधल्या शिफ्टसाठी सेसीला (सीएमएसच्या फ्रान्समधल्या जागी) जावं लागतं, म्हणजे तिकीट, व्हिसा, राहण्याचा खर्च. संगणनाच्या शिफ्ट आणि बरंचसं डेटा-गुणवत्तेचं काम घरबसल्या होतं. संगणनाच्या शिफ्ट तर जगाच्या टाइमझोनप्रमाणे वाटलेल्या असतात, आपल्या दिवसातलीच पाळी मिळू शकते. पण सगळं काम घरूनच घेतलं तर मुलांना डिटेक्टर कधी दिसतच नाही, आणि नोकरीच्या मुलाखतीत ते उघडं पडतं. प्रत्येक विद्यार्थ्याला पीएचडीच्या काळात निदान एकदा दोन-तीन महिने सलग तिथे राहता यावं, एवढे पैसे आधी बाजूला काढा आणि आराखड्यात तसं लिहा. मुलींना दस्तऐवज लिहायचं आणि नव्यांना शिकवायचं काम, मुलांना हार्डवेअर, अशी वाटणी आपोआप होत जाते. दर सहा महिन्यांनी कोणाकडे काय आहे याचा तक्ता समोर ठेवला तरच ती दिसते.

पैशाबद्दल एक बारकावा. डिटेक्टरच्या देखभालीचा सामाईक खर्च पीएचडी झालेल्या लेखकांच्या संख्येवर वाटला जातो, विद्यार्थी त्यात धरले जात नाहीत. तुमची विद्यार्थिनी पदवी घेऊन पोस्टडॉक म्हणून तुमच्याकडेच राहिली की तुमचं बिल वाढतं. पैसे नसलेले गट अशा वेळी माणसाला यादीतून वगळतात, आणि तिचं करिअर ऐन मोक्याला तुटतं. पदवीनंतरच्या निदान एका वर्षाचा हा खर्च प्रस्तावात धराच.

---

नीलकंठ

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी फक्त व्हिसाबद्दल लिहितो, कारण भारतीय पासपोर्टवर सगळ्यात जास्त दिवस तिथेच वाया जातात.

सर्न दोन देशांत पसरलंय. मेरँ स्वित्झर्लंडमध्ये, प्रेव्हेसँ फ्रान्समध्ये, आणि सीएमएस ज्या पॉइंट ५ वर आहे ते सेसी गावही फ्रान्समध्ये. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहायचं असेल तर शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो. त्याच्या वर राहायचं असेल तर दीर्घ मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा लागतो, आणि घर कोणत्या देशात घेणार यावर कागद बदलतात. म्हणून आधी घराचा देश ठरवा, मग सर्नच्या युजर्स ऑफिसकडून पत्र मागवा. उलटं केलं तर पत्र एका देशाचं आणि भाडेकरार दुसऱ्या देशाचा, असं होऊन सगळं पुन्हा करावं लागतं.

शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो. निर्णयाची मुदत १५ दिवस, ती ४५ दिवसांपर्यंत लांबू शकते. पासपोर्ट १० वर्षांच्या आत काढलेला आणि परतीनंतर ३ महिने चालणारा हवा, विमा किमान ३०,००० युरोचा. जून २०२४ पासून मोठ्यांसाठी फी ९० युरो आहे. हे सगळं सरळ दिसतं. पण विद्यापीठाची एनओसी, कुलसचिवांची सही आणि डेप्युटेशनचा आदेश यांतच महिना-दीड महिना निघून जातो, तो कोणी धरत नाही. युरोपातल्या सहकाऱ्याला यातलं काही करावं लागत नसल्यामुळे तो तीन आठवडे आधी सहज विचारतो, पुढच्या महिन्यात टेस्ट बीमला (कणांच्या झोतात डिटेक्टरचे भाग तपासायला) याल का? आपली माणसं नाही म्हणतात. असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा विचारणं बंद होतं.

आराखड्यात दोन ओळी घाला. एक, प्रत्यक्ष हजेरी लागणाऱ्या कामाची सूचना भारतीय गटाला किमान चार महिने आधी मिळावी. दोन, विभागात एनओसीचा एकच ठरलेला नमुना असावा आणि सहीला सात दिवसांची मर्यादा. दुसरी ओळ पूर्णपणे तुमच्या हातातली आहे. विद्यार्थ्याच्या खिशातून तिकिटाचे पैसे भरायला लावून सहा महिन्यांनी परतफेड करायची पद्धत जमलं तर आधी मोडा. घरची परिस्थिती बेताची असलेला मुलगा या एका कारणाने प्रवास टाळतो आणि कोणाला सांगतही नाही.

भारत जानेवारी २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे. त्यामुळे सर्नच्या ठरावीक मुदतीच्या नोकऱ्या आणि विद्यार्थी-योजनांना आपली मुलं अर्ज करू शकतात. बऱ्याच विद्यापीठांत हे मुलांपर्यंत पोचतच नाही, तुमच्या तंत्रज्ञालाही सांगा.

---

शर्वरी

दोघांचेही आभार. एनओसीच्या सात दिवसांचा मुद्दा लगेच विभागप्रमुखांकडे नेते. भाषणं आणि तक्रार याबद्दलही कोणी लिहाल का?

---

रानजाई

भाषणांबद्दल सांगते. मोठ्या प्रयोगांत परिषदेचं आमंत्रण माणसाला येत नाही, प्रयोगाला येतं. मग प्रयोगाची समिती ठरवते कोण बोलणार: सीएमएसमध्ये कॉन्फरन्स कमिटी, अ‍ॅटलासमध्ये स्पीकर्स कमिटी. तिथवर नाव जातं ते कन्व्हीनरच्या किंवा संस्थेच्या शिफारशीने. म्हणजे चाळणी दोनदा लागते आणि आकडेवारी बहुधा दुसऱ्या चाळणीचीच ठेवलेली असते. शिफारशीतच नाव नसेल तर समितीने कितीही न्याय केला तरी उपयोग नाही. तुमच्या गटातून दर सहा महिन्यांनी प्रत्येक विद्यार्थ्याचं नाव, काम आणि कोणत्या विषयावर बोलू शकेल हे लिहून पाठवा. स्वतःचं नाव स्वतः सुचवणं तिथे वावगं समजत नाहीत, आपल्याकडच्या मुलांना मात्र तो संकोच फार असतो.

भाषण नाकारलं तर कारण नोंदवलं जावं असा आग्रह धरा. व्हिसा वेळेत आला नाही, प्रवासाचे पैसे नाहीत, मूल लहान आहे, ही कारणं नोंदीत नसली की नाकारणाऱ्याला रस नाही असा अर्थ निघतो.

आकडे वाचताना मात्र घाई नको. समजा गटात स्त्रिया २० टक्के आहेत आणि वर्षात ५० भाषणं झाली. अपेक्षित संख्या १०, आणि नुसत्या योगायोगाने होणारा चढउतार साधारण २.८. तेव्हा ७ किंवा १३ आले तर त्यावरून काहीच म्हणता येत नाही. ४ आले तर चौकशी करावी. एका वर्षाच्या आकड्यावर भांडण करण्यापेक्षा चार-पाच वर्षं एकत्र करा आणि प्रत्येक पायरी वेगळी मोजा: शिफारस, निवड, नकार. नावावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या प्रोग्रामवर तर मुळीच विसंबू नका. किरण, सुहास, शशी, सुमन यांचं तो काय करणार? माणसाने स्वतः दिलेली माहितीच धरावी, द्यायची नसेल तर न देण्याची मुभा असावी, आणि पाचपेक्षा कमी माणसं असलेला रकाना प्रसिद्ध करू नये. तुमच्यासारख्या सहा जणांच्या गटात तर आकडा म्हणजे सरळ माणूसच.

नावांवरून आणखी एक, कारण आपल्याकडे हे दर वेळी गाजतं. लेखकयादी आडनावाच्या अक्षरक्रमाने लागते, सीएमएसमध्ये देश आणि संस्थेप्रमाणे, आणि सीएमएसच्या यादीत नावाची फक्त आद्याक्षरं येतात. अ‍ॅटलास आणि सीएमएसच्या २०१५ मधल्या हिग्जच्या वस्तुमानाच्या संयुक्त शोधनिबंधाला ५,१५४ लेखक होते. अशा यादीत एस. पाटील किती असतील याचा विचार करा. आपल्या पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर काही जणी मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात. मग एकाच बाईचे शोधनिबंध दोन वेगळ्या माणसांच्या नावावर विखुरतात. पहिल्या शोधनिबंधाआधीच ऑर्किड क्रमांक (संशोधकाचा कायमचा ओळख-क्रमांक) काढा, इन्स्पायर या कणभौतिकीच्या शोधनिबंध-सूचीवर स्वतःचं पान ताब्यात घ्या, आणि दोन्ही क्रमांक कोलॅबरेशनच्या डेटाबेसमध्ये भरा. सर्नमधली नोंदणी पासपोर्टप्रमाणेच होते, पण शोधनिबंधावरचं नाव वेगळं ठेवता येतं. ते आपण होऊन सांगावं लागतं. लग्नानंतर कागदोपत्री काहीही बदललं तरी शोधनिबंधावरचं नाव तेच ठेवायचं की नाही, हे त्या मुलीने ठरवावं. गाइडने ठरवू नये.

आलेखांचे रंगही याच खात्यात धरा. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्क्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. रूट या आलेख काढायच्या सॉफ्टवेअरच्या अलीकडच्या आवृत्त्यांत अशा डोळ्यांनाही वेगळे दिसणारे ६, ८ आणि १० रंगांचे तयार संच आहेत. ते वापरा, आणि रंगासोबत रेषेचा प्रकार किंवा खुणेचा आकारही बदला. काळा-पांढरा प्रिंट काढून आलेख वाचता आला तर काम झालं.

---

ध्रुवमत्स्य

तक्रारीबद्दल. सगळ्यात आधी हे लक्षात घ्या की कोलॅबरेशन कोणाचंच मालक नाही. ते माणसाला पगार देत नाही, त्यामुळे त्याला नोकरीवरून काढूही शकत नाही. ते फार तर पद काढून घेईल, भाषण देणार नाही, मेलिंग लिस्ट आणि अंतर्गत प्रवेश बंद करेल. बाकी शिक्षा त्या माणसाच्या मूळ संस्थेच्या हातात. म्हणूनच कित्येक तक्रारी दोन संस्थांच्या मध्ये अडकतात. घटना जिनिव्हात, तक्रारदार भारतीय विद्यापीठातली, समोरचा तिसऱ्याच देशातल्या प्रयोगशाळेचा.

सर्नच्या आवारात काही घडलं तर सर्नचं छळाविरुद्धचं परिपत्रक लागू होतं, ऑपरेशनल सर्क्युलर क्रमांक ९. ते फक्त कर्मचाऱ्यांपुरतं नाही, नोंदणी केलेल्या युजरनाही लागू आहे. सर्नच्या ओम्बडकडे कोणालाही जाता येतं. तिथलं बोलणं गोपनीय राहतं, पण ओम्बड चौकशी करत नाही आणि शिक्षाही देत नाही. काय काय मार्ग आहेत ते समजावून सांगणं आणि मध्यस्थी करणं एवढंच त्याचं काम. हा फरक मुलांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर ओम्बडला सांगितलं म्हणजे तक्रार दाखल झाली असं समजून ती थांबून राहतात आणि दुसरीकडची मुदत निघून जाते.

ती दुसरी मुदत म्हणजे कामाच्या जागी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या आपल्या २०१३ च्या कायद्यातली. अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार घटनेपासून ३ महिन्यांत करायची, समितीला कारण पटलं तर आणखी ३ महिने वाढवून मिळतात, चौकशी ९० दिवसांत संपवायची. कामाच्या जागेच्या व्याख्येत कामानिमित्त भेट दिलेलं ठिकाणही येतं. म्हणून शिफ्टसाठी किंवा परिषदेसाठी गेलेल्या मुलीने आपल्या विद्यापीठाच्या समितीलाही लगेच कळवावं. यूजीसीचे २०१५ चे नियम विद्यापीठांना आहेतच आणि त्यांत विद्यार्थ्यांचाही विचार आहे.

आराखड्यात हे नावानिशी लिहा: सर्नमध्ये असताना कोणाला फोन करायचा, आपल्या समितीच्या अध्यक्षांचा ईमेल कोणता, आणि गाइडच विरुद्ध पक्ष असेल तर कोणाकडे जायचं. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. छोट्या गटात गाइड हाच कोलॅबरेशनमधला एकमेव दुवा असतो. शिफारसपत्र, प्रवासाची मंजुरी, लेखकयादीतलं नाव सगळं त्याच्या सहीवर. आधार देणाऱ्या मोठ्या संस्थेतला एक वरिष्ठ प्रत्येक विद्यार्थ्याला दुसरा मार्गदर्शक म्हणून जोडून द्या आणि त्यांची वर्षातून दोनदा गाइडशिवाय भेट होईल असं बघा.

गर्भवती सहकाऱ्यांबद्दलही एक ओळ हवी. गर्भावस्था कळवल्यापासून उरलेल्या काळात गर्भाला मिळणारा किरणोत्साराचा डोस १ मिलिसिव्हर्टच्या आत ठेवायचा, हा आंतरराष्ट्रीय दंडक आहे आणि आपल्याकडेही तोच आहे. म्हणजे डिटेक्टरजवळचं काम थांबतं. कंट्रोल रूम जमिनीवर असते, तिथलं काम किंवा सॉफ्टवेअरचं काम देता येतं. सेवाकामाच्या हिशेबात त्या महिन्यांची तूट तिच्या नावावर पडू नये म्हणून संस्थेने गटाच्या एकूण खात्यातून ती भरून काढावी. हिशेब संस्थेच्या खात्यावर चालतो याचा इथे फायदा घ्या.

---

आरसा

चर्चा चांगली चाललीय, पण दोन गोष्टी सुटताहेत आणि मला त्या फार महत्त्वाच्या वाटतात.

पहिली. सर्नने २०२५ पर्यंत कर्मचाऱ्यांत २५ टक्के स्त्रिया असं लक्ष्य ठेवलं होतं. आकडेवारीत लिंग, राष्ट्रीयत्व, वय असे रकाने असतात. जात नसते. तिथून बघणाऱ्याला भारतीय म्हणजे भारतीय. त्यामुळे भारतातून कोण जातं हा प्रश्न तिथे कोणी विचारणार नाही, तो आपणच विचारायचा. केंद्रीय शैक्षणिक संस्थांतल्या अध्यापक पदांच्या आरक्षणाचा २०१९ चा कायदा बघा. त्याच्या परिशिष्टात आरक्षणातून वगळलेल्या संस्था आहेत: होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूट आणि तिच्या घटक संस्था, शिवाय टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर). सर्नच्या प्रयोगांत भारताचा कणा असलेल्या टीआयएफआर, बीएआरसी, साहा इन्स्टिट्यूट, व्हीईसीसी या सगळ्या त्यात येतात. म्हणजे मोठ्या प्रयोगांची वाट ज्या दारांतून जाते तिथे अध्यापकांच्या निवडीत ही तरतूदच नाही. राज्य विद्यापीठातून थेट गट जाणं म्हणूनच मोलाचं आहे. शर्वरी, तुमच्या आराखड्यातली सगळ्यात ठोस गोष्ट कदाचित हीच ठरेल: विद्यार्थी कोणत्या महाविद्यालयांतून घेणार, जाहिरात मराठीत देणार का, मुलाखतीत इंग्रजी बोलण्याला किती वजन देणार. कोडिंग आणि सांख्यिकीची लेखी परीक्षा आधी, मुलाखत नंतर, असा क्रम ठेवा. मुलाखत आधी ठेवली की अस्खलित इंग्रजीवर छाप पडते आणि मग लेखी गुण कोणी बघत नाही. इंडियन फिजिक्स असोसिएशनच्या जेंडर कार्यगटाचा २०१९ चा हैदराबाद चार्टरही वाचा. त्यातल्या बऱ्याच शिफारशी विभागाच्या पातळीवर लगेच लागू करता येतात.

दुसरी. धोरणाच्या पानांचं आयुष्य किती, ते अमेरिकेत दिसलं. तिथल्या ऊर्जा खात्याने संशोधन-प्रस्तावांसोबत समावेशकतेचा वेगळा आराखडा मागायला सुरुवात केली ती २०२३ च्या आर्थिक वर्षापासून. जानेवारी २०२५ मध्ये सरकार बदललं आणि ती अट काढून टाकली. कोलॅबरेशनच्या घटनेत लिहिलेले नियम, म्हणजे पदांची मुदत, खुली नामांकनं, आचारसंहिता, असे एका आदेशाने जात नाहीत, कारण ते बदलायला सगळ्या देशांच्या संस्थांचं मंडळ लागतं. तेव्हा जे टिकायला हवं ते तिथे मागा.

राष्ट्रीयत्वाचा प्रश्नही तितकाच कठीण असतो. मार्च २०२२ नंतर रशियन संस्थांची नावं कशी छापायची यावर एकमत होईना, म्हणून एलएचसीच्या प्रयोगांचे शोधनिबंध काही महिने लेखकयादीशिवाय अर्काइव्ह या खुल्या संकेतस्थळावर गेले आणि नियतकालिकांतली छपाई थांबली. २०२३ मध्ये तोडगा निघाला: लेखकाचं नाव राहील, पण संस्थेच्या जागी सर्नशी सहकार्य-करार असलेली संस्था एवढंच येईल. ३० नोव्हेंबर २०२४ ला रशियाबरोबरचा करार संपला आणि तिथल्या शेकडो माणसांचा प्रवेश थांबला. रशियातल्या दुबनाच्या आंतरराष्ट्रीय संयुक्त अणुसंस्थेचा करार मात्र चालू राहिला. यात बरोबर काय होतं यावर मतभेद असतील. पण राजकारण बिघडलं की आधी कोणाचं नाव धोक्यात येतं, हे विद्यार्थ्यांना माहीत असावं.

---

रानजाई

आरसा, जातीचा मुद्दा आणलात ते बरं झालं. त्याला जोडून यजमान गावाचाही विचार हवा. ऑस्ट्रेलियात एसकेए या रेडिओ दुर्बिणीचा कमी वारंवारतेचा भाग ज्या जमिनीवर उभा राहतोय तिथल्या वाजारी लोकांशी नोव्हेंबर २०२२ मध्ये रीतसर जमीन-करार झाला. वाजारी प्रतिनिधींनी जागा पायी फिरून तपासली आणि वारशाच्या ठिकाणांना धक्का लागू नये म्हणून अँटेनांची आखणी बदलली. आपल्याकडे लायगो-इंडिया हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होतंय. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने त्याला सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिथल्या आयटीआय आणि पॉलिटेक्निकमधल्या मुलांना निर्वात यंत्रणा, इलेक्ट्रॉनिक्स, शीतकरण या कामांचं प्रशिक्षण आत्तापासून मिळालं तरच पुढे तंत्रज्ञ म्हणून त्यांची भरती होईल. प्रशिक्षण उशिरा सुरू झालं तर त्यांच्यासाठी पहारा आणि साफसफाईचीच कामं उरतील. तुमच्या तंत्रज्ञाचंही लेखकयादीत किंवा निदान आभारात नाव यावं, हे लिहून घ्या.

---

शर्वरी

सगळं टिपून घेतलंय. एकच शंका उरली. आमच्या दोन अध्यापकांना पदोन्नतीच्या गुणांत या हजारो लेखकांच्या शोधनिबंधांचं काय मिळणार? विद्यापीठात आत्ताच कुरकुर सुरू झालीय.

---

म्युऑन

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे दोनपेक्षा जास्त लेखक असतील तर पहिल्या, मुख्य किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के गुण आणि बाकी प्रत्येकाला ३० टक्के. अक्षरक्रमाच्या किंवा संस्थांप्रमाणे लावलेल्या यादीत पहिलं नाव म्हणजे मुख्य लेखक नव्हे आणि पत्रव्यवहाराचा पत्ता बहुधा कोलॅबरेशनचा असतो. म्हणून सगळेच ३० टक्क्यांत बसतात. प्रत्यक्ष विश्लेषण तुमच्या माणसाने केलं असेल तरी तेच.

यावर प्रमाणपत्र मागता येतं. विश्लेषणगटाच्या कन्व्हीनरकडून किंवा स्पोक्सपर्सनच्या (प्रयोगाच्या प्रमुखाच्या) कार्यालयाकडून, कोलॅबरेशनच्या लेटरहेडवर. त्यात एवढं हवं: शोधनिबंधाचं शीर्षक आणि डीओआय, यादीतला क्रम कामावरून ठरत नाही हे स्पष्ट वाक्य, अंतर्गत विश्लेषण-टिपणाचा क्रमांक आणि त्यावरचे लेखक, तुमच्या माणसाने नेमकं काय केलं (उदाहरणार्थ पार्श्वभूमीचा अंदाज, ट्रिगरची कार्यक्षमता, अनिश्चिततेचा हिशेब), आणि अंतर्गत मंजुरीच्या वेळी मांडणी कोणी केली. अंतर्गत टिपण बाहेर दाखवता येत नाही, म्हणून क्रमांक आणि लेखक पत्रातच यायला हवेत. काम संपल्यावर महिन्याभरात मागा. सीएमएसमध्ये कन्व्हीनर दोन वर्षांनी १ सप्टेंबरला बदलतात, नव्या माणसाला तुमचं काम माहीत नसतं.

हे पत्र मुख्य लेखकाच्या बरोबरीचं धरायचं की नाही, याचा ठराव विद्यापीठाच्या विद्या परिषदेत आधी करून घ्या. निवड समितीसमोर ऐन वेळी ठेवलं तर बाहेरचे तज्ज्ञ ते बाजूला सारतात. विद्यार्थ्यांनाही त्यांच्या नावाचं असंच वेगळं पत्र मिळवून द्या, पोस्टडॉकच्या अर्जासोबत ते लागतं.